पोराचा डाव रेटिंगला धरतात की नाही, हे पैसे भरायच्या आधी कसं तपासायचं

मे महिना किंवा दिवाळीची सुट्टी जवळ आली की माझ्या फोनवर बुद्धिबळ स्पर्धांची पोस्टरं यायला लागतात. कोल्हापूरचं, सांगलीचं, हुबळीचं, पणजीचं. आणि खाली एकच प्रश्न: "टीचर, हितं खेळवलं तर रेटिंग मिळतंय की नाही?" रेटिंग म्हणजे फिडे, म्हणजे जागतिक बुद्धिबळ महासंघ, देते तो खेळाडूच्या ताकदीचा आकडा. मी बेळगावात शहापूरला बुद्धिबळाचा क्लास घेते आणि शनिवार-रविवारी स्पर्धांना पंच म्हणून उभी राहते, त्यामुळे प्रश्न माझ्याकडेच येणार. गुकेश डिसेंबर 2024 मध्ये जगज्जेता झाला, दिव्या देशमुखनं 2025 मध्ये महिलांचा विश्वचषक जिंकला, आणि त्याच वर्षी फिडेचा विश्वचषक चोर्ला घाटाच्या पलीकडे गोव्यातच झाला. तेव्हापासून फोन वाढलेत. प्रत्येकाला वेगवेगळं सांगत बसण्यापेक्षा सगळं एकदाच लिहून ठेवते.

पोस्टर हातात आलं की बक्षिसांची यादी नंतर वाचा. आधी बघा, रेटिंगबद्दल नक्की काय छापलंय. "फिडेच्या नियमांनुसार खेळवली जाईल" एवढंच असेल तर स्पर्धा रेटेड नाही असं धरून चाला. नियम फिडेचे वापरायला कुणाची परवानगी लागत नाही. गल्लीतलं गणेशोत्सव मंडळसुद्धा तेच नियम लावतं. रेटेड स्पर्धा म्हणजे जी सुरू होण्याआधीच राष्ट्रीय महासंघामार्फत फिडेकडे नोंदवलेली आहे, जिथं परवाना असलेले पंच आहेत आणि संपल्यावर जिचा निकाल फिडेकडे जातो. तिला इव्हेंट कोड असतो. आयोजकांना फोन लावा आणि सरळ विचारा, "इव्हेंट कोड काय?" ज्यांनी नोंदणी केलीय ते लगेच सांगतात. "होईल, प्रोसेसमध्ये आहे" असं उत्तर आलं तर दोन दिवस थांबून परत विचारा, तोवर फी भरू नका.

स्वतः खात्री करायची असेल तर फिडेच्या रेटिंगच्या वेबसाइटवर स्पर्धांचा विभाग आहे. तिथं देश भारत निवडायचा, महिना निवडायचा, की नोंदवलेल्या स्पर्धांची यादी येते. यादीत स्पर्धेचं नाव, गाव, तारखा आणि प्रकार बघा: स्टँडर्ड, रॅपिड की ब्लिट्झ. ही तीन रेटिंगं वेगवेगळी आहेत. रॅपिडमध्ये कमावलेले गुण स्टँडर्डच्या खात्यात जात नाहीत. एका पालकांनी पोराला रॅपिड स्पर्धेला पाठवलं आणि पुढचे दोन महिने स्टँडर्डच्या रकान्यात रेटिंग शोधत बसले. पोराचं रॅपिड रेटिंग शेजारच्याच रकान्यात दिसत होतं.

आता वेळ. प्रत्येक डाव 60 चालींचा होईल असं मानून एका खेळाडूला एकूण किती मिनिटं मिळतात, त्यावर प्रकार ठरतो. हिशोब सोपा आहे: चालीमागे जितके सेकंद वाढवून मिळतात, तितकीच मिनिटं मूळ वेळेत मिळवायची, कारण 60 चाली आणि 60 सेकंदांचं मिनिट. 90 मिनिटं अधिक 30 सेकंद म्हणजे 120. 60 अधिक 30 म्हणजे 90. 15 अधिक 10 म्हणजे 25. बेरीज 60 किंवा वर गेली तर स्टँडर्ड, 10 च्या वर पण 60 च्या आत असेल तर रॅपिड, 10 पर्यंत ब्लिट्झ. आपल्याकडच्या रविवारच्या स्पर्धा बहुतेक 15 अधिक 5 किंवा 20 मिनिटं सपाट अशा असतात. त्या नोंदवलेल्या असल्या तरी रॅपिडच.

स्टँडर्डमध्ये अजून एक पायरी आहे. मार्च 2024 पासूनच्या नियमांत, दोघंही 1800 च्या खाली असतील तर 60 मिनिटं पुरतात. 1800 किंवा वरचा खेळाडू असेल तर 90 मिनिटं लागतात, आणि 2400 किंवा वरचा असेल तर 120. शिवाय एका दिवसात 12 तासांपेक्षा जास्त खेळ ठेवता येत नाही. 90 अधिक 30 चा एक डाव दोघांचे मिळून चार तास धरला, तर दिवसाला तीन फेऱ्या म्हणजे बारा तास झाले. त्यामुळे कुणी 90 अधिक 30 वर एका दिवसात चार फेऱ्या दाखवत असेल तर पत्रकात काहीतरी गडबड आहे, विचारून घ्या. तशा तीन फेऱ्याही लहान पोरांना झेपत नाहीत. संध्याकाळच्या फेरीत चांगली चांगली पोरं वजीर देऊन बसतात, मी नेहमी बघते.

आता ज्या प्रश्नावर सगळ्यात जास्त फोन येतात तो. स्पर्धा रेटेड, वेळ बरोबर, पोरगं नऊच्या नऊ फेऱ्या खेळलं, सहा गुण केले, चषक घेऊन आलं, पेढे वाटून झाले, आणि महिन्यानं यादीत नाव नाही. का?

कारण रेटिंग नसलेल्या खेळाडूचे फक्त रेटेड प्रतिस्पर्ध्यांविरुद्धचे डाव धरले जातात. तसे किमान पाच डाव व्हावे लागतात. नऊ फेऱ्यांपैकी सहा जण अनरेटेड भेटले असतील तर तुमच्या हिशोबात तीनच डाव. हे होतं कसं ते बघा. समजा 200 खेळाडू आहेत, त्यात 80 रेटेड. यादी रेटिंगप्रमाणे लागते, अनरेटेड सगळे खाली. स्विस पद्धतीत, म्हणजे सारखे गुण असलेल्यांना एकमेकांशी खेळवतात त्यात, पहिल्या फेरीत वरच्या शंभरातला पहिला खालच्या शंभरातल्या पहिल्याशी, म्हणजे 1 नंबर 101 शी, 2 नंबर 102 शी. तुमचं पोरगं 150 नंबरवर असेल तर त्याला 50 नंबरचा रेटेड खेळाडू मिळणार. छान. पण तिथं हरलं की दुसऱ्या फेरीत शून्य गुणवाल्यांत जाणार, आणि शून्य गुणवाल्यांत गर्दी कुणाची? अनरेटेडचीच. तिथं जिंकलं की वर जाऊन परत एखादा रेटेड भेटतो, हरलं की परत खाली. आणि 190 नंबरवर असेल तर पहिल्याच फेरीत समोर 90 नंबर, म्हणजे दोघंही अनरेटेड.

म्हणून माझा सल्ला असा, की पहिलं रेटिंग काढायचं असेल तर बक्षिसाचा आकडा बघून स्पर्धा निवडू नका. चेस-रिझल्ट्स या वेबसाइटवर नोंदणी झालेल्यांची यादी आधीच दिसते. त्यात रेटेड किती आणि अनरेटेड किती ते मोजा. अर्ध्याहून जास्त रेटेड असतील तर जा. सांगलीची सवय आपल्याकडच्या पालकांना जुनीच आहे, बुद्धिबळ संघटक भाऊसाहेब पडसलगीकरांमुळे ते गाव बुद्धिबळाचं म्हणून आपल्या सगळ्यांना माहीत. पण नुसत्या गावाच्या नावावर जाऊ नका, यादी उघडून बघा.

पाच डाव एकाच स्पर्धेत व्हायला पाहिजेत असं नाही. वेगवेगळ्या स्पर्धांतले डाव 26 महिन्यांच्या आत एकत्र धरले जातात. कोल्हापूरचे तीन आणि हुबळीचे दोन असे पाच झाले की झालं. फक्त अगदी पहिल्या स्पर्धेत रेटेड खेळाडूंविरुद्ध एकसुद्धा अर्धा गुण मिळाला नाही, तर ते शून्य सोडून देतात. त्या डावांची नोंद कामाला येत नाही, पण डोक्यावरही बसत नाही.

पहिलं रेटिंग किती येईल तेही घरीच काढता येतं. समजा तुमच्या मुलीला 1500, 1550, 1450, 1600 आणि 1400 असे पाच जण भेटले, आणि तिनं पाचात 2 गुण केले. फिडे यात 1800 रेटिंगचे दोन काल्पनिक प्रतिस्पर्धी मिळवते आणि त्यांच्याशी बरोबरी झाली असं धरते. म्हणजे सात प्रतिस्पर्ध्यांची सरासरी 1586, आणि सातात 3 गुण, म्हणजे 43 टक्के. फिडेच्या तक्त्याप्रमाणे 43 टक्क्यांना 50 वजा. रेटिंग 1536. पाचात एकच गुण केला असता तर सातात 2, म्हणजे 29 टक्के, 158 वजा, 1428. आणि पाचात अर्धाच गुण असता तर आकडा 1400 च्या खाली गेला असता, आणि 1400 च्या खाली रेटिंगच देत नाहीत. हा तळ मार्च 2024 मध्ये 1000 वरून 1400 वर आणला. त्याच वेळी 2000 च्या खालच्या सगळ्या जुन्या खेळाडूंना एकदाच वाढ दिली: 2000 ला जितके कमी, त्याच्या 40 टक्के. 1500 चा 1700 झाला. त्यामुळे मोठ्या भावाचं 2023 मधलं रेटिंग आणि धाकट्याचं आताचं रेटिंग शेजारी ठेवून घरात भांडणं लावू नका, दोन्ही आकडे एका मापाचे नाहीत.

ज्यांना रेटिंग आहे त्यांनाही रेटेड प्रतिस्पर्ध्याचाच डाव लागू होतो. तुमचं 1600 चं पोरगं अनरेटेड मुलाकडून हरलं तर स्पर्धेतला गुण गेला, रेटिंगमधून एक टिंबसुद्धा जात नाही. पण त्या अनरेटेड मुलाच्या खात्यात मात्र हा डाव मोजला जातो. म्हणजे रडायचं असेल तर चषकासाठी रडा.

न खेळलेले डाव कुणालाच धरत नाहीत. प्रतिस्पर्धी आला नाही, वॉकओव्हर मिळाला, जोडीदारच नाही म्हणून बाय मिळाला, तर स्पर्धेत गुण मिळतो, रेटिंगला शून्य परिणाम. पण दोघांनीही एकेक चाल केली की डाव धरलाच, मग तो कसाही संपो. इथं पालकांची गल्लत होते. पावसाळ्यातल्या एका स्पर्धेत एका मुलाच्या दप्तरातला फोन आठव्या चालीला वाजला. वडील दाराबाहेरून विचारत होते, "गाडी आणू काय?" डाव तिथंच गेला. मग तेच वडील माझ्याकडं येऊन म्हणाले, "टीचर, खेळ झालाच नाही की, मग रेटिंग कशाला कापताय?" झाला की. आठ चाली झाल्या होत्या. फोन बंद करून पालकांकडे ठेवा, दप्तरात नको. चार चालींत हात मिळवून बरोबरी केली तरी तो डाव धरला जातो. बेकायदा चालीचंही तसंच: पहिल्या वेळी समोरच्याला दोन मिनिटं जास्त मिळतात, दुसऱ्या वेळी डाव जातो, आणि तो हरलेला डाव म्हणून नोंदतात. फक्त फसवणुकीच्या प्रकरणात नियम वेगळे लागतात.

रेटिंग आल्यावर ते वर-खाली किती जाणार हे के या आकड्यावर ठरतं. स्टँडर्डमध्ये नवीन खेळाडूचे 30 डाव होईपर्यंत के 40. अठरावा वाढदिवस येतो ते कॅलेंडर वर्ष संपेपर्यंत, 2300 च्या खाली असेल तर, के 40 च. मोठ्यांना 20, आणि एकदा 2400 गाठलं की 10. उदाहरण घ्या: 1450 ची मुलगी 1650 वाल्याशी खेळते. फरक 200, फिडेच्या तक्त्याप्रमाणे तिच्याकडून अपेक्षा 0.24 गुणाची. जिंकली तर 0.76 गुणिले 40, म्हणजे 30.4 वाढले. हरली तर 9.6 गेले. उलट 1650 चा मोठा माणूस तिच्याकडून हरला तर त्याचा के 20 असल्यामुळे त्याचे 15.2 जातात. फरक 400 पेक्षा जास्त असला तरी आपल्या पातळीवर 400 च धरतात. हा हिशोब एकदा पोरांना कागदावर करायला लावा. "हरलो तर दहासुद्धा जात नाहीत" हे स्वतः काढलं की मोठ्या खेळाडूसमोर बसताना हात थरथरत नाही.

सुट्टीत लागोपाठ स्पर्धा खेळवणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. एका यादीसाठी धरलेले डाव आणि के यांचा गुणाकार 700 च्या वर जाऊ देत नाहीत. एकाच महिन्यात नऊ फेऱ्यांच्या दोन स्पर्धा झाल्या आणि सगळे प्रतिस्पर्धी रेटेड भेटले, तर 18 डाव. 18 गुणिले 40 होतात 720, म्हणून के 38 वर येतो. फरक किरकोळ आहे, पण चेस-रिझल्ट्सवरचा आकडा आणि फिडेचा आकडा जुळत नाही म्हणून रात्री अकराला मला फोन येतो, त्याचं कारण हे असू शकतं. दुसरं, हिशोब स्पर्धा सुरू होतानाच्या प्रसिद्ध रेटिंगवर होतो. पहिल्या स्पर्धेत 80 वाढले म्हणून त्याच महिन्यातल्या दुसऱ्या स्पर्धेला वाढीव रेटिंग धरत नाहीत.

यादी दर महिन्याच्या 1 तारखेला येते. महिना संपतासंपता झालेली स्पर्धा लगेचच्या यादीत दिसली नाही तर घाबरू नका, पुढच्या यादीत बघा. वर्षभर एकही रेटेड डाव खेळला नाही तर नावापुढे निष्क्रिय असं लागतं. रेटिंग जात नाही. दहावीच्या वर्षाला हे लक्षात ठेवा आणि पोराला उगाच फेब्रुवारीत पटावर बसवू नका.

आता आपल्या भागाचं खास. रेटिंगला सीमाप्रश्न नाही. बेळगावचा पोरगा कोल्हापुरात खेळला काय, चंदगडचा बेळगावात खेळला काय, खुल्या रेटेड स्पर्धेतला डाव सारखाच धरतात, यादीत सगळ्यांपुढे भारतच लिहिलेलं असतं. राज्याचा प्रश्न येतो तो महासंघाच्या वार्षिक नोंदणीत आणि राज्य निवड स्पर्धांत. बेळगाव, खानापूर, निपाणीची पोरं कर्नाटकातून नोंदवायची आणि निवड चाचणी कर्नाटकातच खेळायची. मावशी इचलकरंजीला राहते म्हणून महाराष्ट्रातून खेळवता येतंय काय, असं विचारू नका.

खरी डोकेदुखी आहे नावाची. आपल्याकडं जन्मदाखल्यावर एक, आधारवर दुसरं, शाळेत तिसरं. शाळेत कर्नाटकी पद्धतीनं इनिशियल पुढे, घरात मुलगा-वडील-आडनाव, आधारवर आडनाव आधी. एका पाटलांच्या मुलाचं एका स्पर्धेत एका पद्धतीनं आणि दुसरीकडं दुसऱ्या पद्धतीनं नाव गेलं, आणि त्याला दोन फिडे आयडी पडले. एका आयडीवर तीन डाव, दुसऱ्यावर दोन. पाच झाले होते, पण एका ठिकाणी नव्हते. तेव्हा पहिली नोंदणी करतानाच जन्मदाखल्याप्रमाणे नाव द्या, इंग्रजी स्पेलिंग एकदा ठरवा, आणि मिळालेला फिडे आयडी स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर लिहून ठेवा. पुढच्या प्रत्येक फॉर्मवर तोच आकडा टाका. रकाना रिकामा सोडून "आयोजक बघतील की" म्हणू नका.

ऑनलाइनचं थोडक्यात. चेस डॉट कॉम किंवा लीचेसवर 1900 असेल, फार छान, सरावाला चांगलं आहे. फिडेच्या स्टँडर्ड, रॅपिड, ब्लिट्झ यादीत त्यातला एकही डाव येत नाही. डाव समोरासमोर, पटावर, पंचांच्या देखरेखीखाली व्हावा लागतो. आणि घरी दोघांनी बसून पाच डावांचा सामना खेळला तर चालेल का, हाही प्रश्न येतो: दोघांमधला एक जरी अनरेटेड असेल तर असा सामना धरतच नाहीत.

डाव संपल्यावरचं काम पालक विसरतात. निकालपत्रावर दोघांच्या सह्या होतात तेव्हा पोराला निकाल नीट वाचून सही करायला शिकवा. कधी कधी 1-0 च्या जागी 0-1 लिहिलं जातं, पोरांना भूक लागलेली असते, सही करून पळतात. चाली लिहिलेला नोटेशनचा कागद जपून ठेवा. रात्री चेस-रिझल्ट्सवर त्या दिवसाच्या फेऱ्यांचे निकाल तपासा, फिडे आयडी आणि रेटिंग बरोबर दिसतंय का तेही बघा. चूक दिसली तर दुसऱ्या दिवशी पुढची फेरी सुरू व्हायच्या आधी मुख्य पंचांना गाठा, कागद दाखवा. स्पर्धा चालू असेपर्यंत पंच ते दोन मिनिटांत दुरुस्त करतात. अहवाल एकदा फिडेकडे गेला की पत्रव्यवहार सुरू होतो. बक्षीस समारंभ संपवून राणी चन्नम्मा एक्स्प्रेसमध्ये बसल्यावर मला फोन करून उपयोग नाही. तोवर पंचांनी लॅपटॉप बंद केलेला असतो.